वार्धक्य, आरोग्य आणि संघभाव

जरा हे दुःख होय, असे तथागतांनी पहिल्याच धम्मप्रवचनात सांगितले. शरीराची झीज अटळ आहे. परंतु वृद्धांच्या वाट्याला येणारी उपेक्षा ही मनुष्यनिर्मित आहे आणि म्हणून ती दूर करता येते.

विनयपिटकातील महावग्गात या संदर्भात एक मननीय प्रसंग आहे. अतिसाराने ग्रस्त झालेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तुझी शुश्रूषा कोणी का करीत नाही, असे तथागतांनी विचारले असता, आपण इतर भिक्खूंच्या काहीच उपयोगी पडत नाही म्हणून, असे त्याने सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला स्वच्छ केले आणि दोघांनी उचलून त्यास मंचकावर निजविले. पुढे नियम झाला की, आजाऱ्याची सेवा उपाध्याय, आचार्य वा शिष्य यांनी करावी; तसे कोणी नसल्यास संघाने करावी.

आधुनिक संशोधनही संबंधांचे महत्त्व अधोरेखित करते. अमेरिकेतील अलामेडा परगण्यात बर्कमन व साइम यांनी ६,९२८ प्रौढ व्यक्तींचा ९ वर्षांचा वृत्तांत अभ्यासला. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, ज्यांचे सामाजिक संबंध अत्यल्प होते त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण विपुल संबंध असणाऱ्यांच्या तुलनेत पुरुषांत २.३ पट, तर स्त्रियांत २.८ पट आढळले. आरंभीची प्रकृती, धूम्रपान इत्यादी बाबी विचारात घेऊनही हा संबंध टिकून राहिला. २०१० साली १४८ अभ्यासांचा एकत्रित विचार झाला, तेव्हाही निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला.

याची कारणे गूढ नाहीत. सोबत असली की जेवण वेळेवर होते, औषध चुकत नाही, तोल जाऊन पडल्यास लगेच कळते. मनावरील ताण हलका झाल्याचा परिणाम रक्तदाब व निद्रेवरही होतो.

तथापि महावग्गातील प्रसंग याहून पुढे जातो. तो भिक्खू संघात राहूनही एकाकी होता, कारण परतफेड करण्याचे सामर्थ्य त्याच्यापाशी नव्हते. सेवेचा अधिकार उपयुक्ततेवर अवलंबून नाही, हा तथागतांचा निर्णय होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बंधुतेला जे स्थान दिले, त्याचा हाच आशय आहे.

१९५६ साली ऐन तारुण्यात धम्मदीक्षा घेतलेली पिढी आज नव्वदीच्या आसपास आहे. ज्यांनी पायी चालत दीक्षाभूमी गाठली, त्यांच्यापैकी कोणी आज विहाराच्या चार पायऱ्याही चढू शकत नसेल. वंदनेला नित्य येणारा वृद्ध उपासक दोन आठवडे दिसला नाही, तर त्याच्या घरी कोण जाते? हा भार केवळ घरातील सुनेवर वा लेकीवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. २००७ च्या कायद्याने ज्येष्ठांना मुलांकडून निर्वाहाचा हक्क दिला. पण शेजारी बसून विचारपूस करण्याचे काम कायदा करू शकत नाही.

प्रत्येक विहाराने परिसरातील वृद्धांची नोंद ठेवावी, भेटीचे वार वाटून घ्यावेत, दवाखान्यात सोबत द्यावी. त्यांच्या आठवणी ऐकून लिहून घ्याव्यात. त्यामुळे देण्याचे समाधान त्यांनाही लाभेल. मैत्रीभावनेचे पठण आपण करतोच. तिचे आचरण त्या दाराशी जाऊन सुरू होते.