भिंतीची जाडी, वाटेची रुंदी

ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की कोकणातलं अख्खं आचरा गाव गुरंढोरं, कोंबड्या-कुत्री घेऊन तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर मुक्काम ठोकतो. गावपळणीच्या त्या गर्दीत साठी ओलांडलेला एखादा बिडीवाला गडी दर शे-दोनशे पावलांवर थांबतो, पोटरी चोळतो आणि पुन्हा चालू लागतो. ‘वय झाला, गोळो येता,’ म्हणून घरचे विषय सोडून देतात. पण चालताना धरणारी आणि थांबताच मोकळी होणारी पोटरी बहुतेकदा मांडीतल्या धमनीकडे बोट दाखवते. तिच्या भिंतीत चरबी, पेशी आणि चुन्याचा थर साचतो. त्याला डॉक्टर प्लाक म्हणतात. २०१० साली जगात सुमारे २० कोटी लोकांना पायांच्या धमन्यांचा हा विकार होता, असा अंदाज आहे.

हा प्लाक एमआरआयवर मोजता येतो का? येतो. ते माप कितपत भरवशाचं, हा खरा प्रश्न.

अँजिओग्राफीत रक्ताची वाट दिसते, भिंत दिसत नाही. शिकागोच्या सेमूर ग्लागॉव्ह यांनी १९८७ साली हृदयाच्या धमन्या तपासून दाखवलं, की प्लाक वाढू लागला की धमनी आधी बाहेरच्या अंगाने फुगते. आतली सुमारे ४० टक्के जागा प्लाकने व्यापेपर्यंत वाट फारशी अरुंद होत नाही. म्हणजे वाट मोकळी दिसली तरी भिंत रोगट असू शकते.

एमआरआयच्या एका पद्धतीत वाहतं रक्त मुद्दाम काळं दाखवतात, त्यामुळे भिंत करडी उठून दिसते. हृदय धडधडतं, छाती श्वासाने हलते. मांडी मात्र स्वस्थ पडून राहते, म्हणून चित्र स्वच्छ येतं. मग धमनीच्या प्रत्येक आडव्या कापावर भिंतीची बाहेरची आणि आतली कड आखायची, मधलं क्षेत्रफळ काढायचं आणि सगळ्या कापांची बेरीज करायची.

गोम आहे ती कड आखण्यात. समजा, आतली वाट ६ मिलिमीटर रुंद आणि भिंत १ मिलिमीटर जाड आहे. भिंतीचं क्षेत्रफळ भरतं सुमारे २२ चौरस मिलिमीटर. आतली कड फक्त अर्धा मिलिमीटर आत सरकली, तर तेच ३०च्या वर जातं. जवळजवळ ४० टक्क्यांची वाढ! चित्राचा एक ठिपकाच साधारण तेवढा असतो. त्यात साचलेला चुनाही काळाच दिसतो, तो रक्तात मिसळून गेल्यासारखा वाटतो.

तरीही व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ साली त्याच त्या रुग्णांची या पद्धतीने दोनदा तपासणी केली, तेव्हा दोन्ही वेळची मापं फार जवळ आली. मात्र माप पुन्हा तेच येणं वेगळं आणि ते खरं असणं वेगळं. कड आखणारा दर वेळी सारखाच आत सरकला, तर आकडे जुळतील, पण चुकीचेच जुळतील. औषधाच्या चाचणीत मात्र हे चालून जातं, कारण तिथे आधीच्या आणि नंतरच्या मापांतला फरकच पाहायचा असतो. ह्यूस्टनच्या एका चाचणीत एका गटाला सिम्वास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी आणि दुसऱ्याला त्याच्या जोडीला आणखी दोन औषधं दिली. दोन वर्षांनी भिंतीच्या मापात दोन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक निघाला नाही. माप स्थिर होतं, म्हणूनच या ‘नाही’ला वजन आहे.

आचऱ्यातल्या त्या गड्याला मात्र आधी रक्तदाबाचा पट्टा आणि रक्ताचा प्रवाह ऐकवणारा हातातला डॉप्लर पुरतो. दंडाचा दाब १३० आणि घोट्याचा ९१, तर भागाकार ०.७. तो ०.९च्या खाली आला, की पायाचा रक्तपुरवठा कमी आहे असं धरतात. मधुमेहात धमन्या चुन्याने कडक होऊन आकडा खोटा चढतो; तो १.४च्या वर गेला, तर पायाच्या अंगठ्याचा दाब घ्यावा लागतो.

उपायही साधेच: बिडी आणि मशेरी बंद, कोलेस्टेरॉलची गोळी, साखर आणि रक्तदाब ताब्यात आणि दुखेपर्यंत चालून, थांबून पुन्हा चालण्याचा निदान तीन महिन्यांचा व्यायाम. पण विश्रांतीतही पाय दुखत असेल किंवा जखम भरत नसेल, तर वेळ न दवडता मोठं रुग्णालय गाठावं. एमआरआय लागतो तो धमनी फुग्याने उघडायची की बायपास करायचा हे ठरवताना. रंगद्रव्य टोचायचं असेल, तर मूत्रपिंडं कशी आहेत हे आधी सांगावं. आणि तेव्हाही शल्यविशारदाला हवी असते ती वाटेची रुंदी. भिंतीची जाडी मोजणं हे आज तरी प्रामुख्याने औषधं पारखणाऱ्यांचं काम आहे.