‘बिनभाड्याची’ खोली खरोखर स्वस्त पडते काय?
हेवी डिपॉझिटचा हिशोब

मुंबईत पोट भरणाऱ्या कारागिराला कामापेक्षा जागेची चिंता अधिक असते. मदनपुऱ्यात बॅगा शिवणारा असो, गोवंडीत जरीकाम करणारा असो की कुर्ल्यात छोटे दुकान चालविणारा असो, कामाजवळ आणि खिशाला परवडेल अशी खोली त्याला हवी असते. दलाल त्याच्यापुढे दोन पर्याय ठेवतात. एक, थोडे डिपॉझिट व दरमहा भाडे. दुसरा हेवी डिपॉझिटचा: एकरकमी मोठी रक्कम द्या, भाडे नाही किंवा अगदी नाममात्र, आणि जागा सोडताना सर्व रक्कम परत. दुसरा पर्याय फुकटात राहिल्यासारखा वाटतो, म्हणूनच तो नीट तपासला पाहिजे.

प्रथम हे लक्षात घ्यावे की ही पगडी नव्हे. पगडीत भाडेकरूचा हक्क मिळतो. हेवी डिपॉझिटमध्ये फक्त ठराविक मुदतीचा, बहुधा अकरा महिन्यांचा, राहण्याचा परवाना मिळतो.

आता हिशोब करू. समजा, एका खोलीला 50 हजार डिपॉझिट व 9 हजार भाडे आहे. तीच खोली 6 लाख हेवी डिपॉझिटवर बिनभाड्याने मिळते. म्हणजे साडेपाच लाख जादा देऊन वर्षाला 1 लाख 8 हजार रुपये वाचले. हा दर जवळजवळ वीस टक्के झाला. बँकेच्या गृहकर्जाच्या व्याजापेक्षा तो कितीतरी अधिक आहे. मग मालक इतका महाग पैसा का उचलतो? प्रत्येक मालकाची नियत खोटी असते असे नाही. पण ज्याच्या जागेचे कागद बँकेत चालतात त्याला सहसा अशी गरज पडत नाही. जागा आधीच गहाण असेल किंवा इमारतच अनधिकृत असेल, तर आपले सहा लाख धोक्यात आहेत.

दुसरी बाब शरीअतची. डिपॉझिटची रक्कम मालक वापरतो व तेवढीच परत करतो, म्हणजे ती कर्ज ठरते. कर्जाच्या मोबदल्यात भाड्यात सूट घेणे हा कर्जावरील नफा, म्हणजेच व्याजाचा प्रकार आहे, असे अनेक उलमांचे म्हणणे आहे. त्यांच्या मते भाडे परिसरातील चालू दराने ठरवावे आणि डिपॉझिट केवळ हमीपुरते ठेवावे. व्यवहारापूर्वी आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारून घ्यावे.

तिसरी बाब कागदाची. बरेच व्यवहार स्टँप पेपरवर नोटरी करून उरकले जातात. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. 31 मार्च 2000 पासून लागू असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि तो नोंदविण्याची जबाबदारी मालकावर आहे. न नोंदविल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. महापालिका क्षेत्रात नोंदणी फी 1 हजार रुपये आहे. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के असून डिपॉझिटवर दहा टक्के व्याज धरून ते काढले जाते. अकरा महिन्यांच्या अशा कराराचा सरकारी खर्च दोन हजारांच्या आत बसतो. सहा लाखांच्या रक्षणासाठी हा खर्च फार नाही.

पैसे देण्यापूर्वी एवढे अवश्य करावे:

1. मालकाच्या नावाचा इंडेक्स टू, वीजबिल व मालमत्ता कराची पावती पाहावी.

2. सोसायटीत जाऊन जागेवर कर्जाचा बोजा आहे का, याची चौकशी करावी.

3. रक्कम चेकने किंवा बँकेमार्फतच द्यावी आणि करारात पूर्ण आकडा लिहावा. रोख दिलेली व कागदावर न आलेली रक्कम सिद्ध करणे कठीण जाते.

4. डिपॉझिट केव्हा व कसे परत मिळेल, हे करारात स्पष्ट असावे. पैसे हातात पडल्याशिवाय किल्ली देऊ नये.

5. इमारत अधिकृत आहे का, धोकादायक ठरविलेली आहे का, हे महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात विचारावे.

पाचवा मुद्दा जिवाशी निगडित आहे. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतील अनेक मुस्लिम कुटुंबे मुंब्र्याकडे वळली, मागणी वाढली आणि त्या परिसरात अनधिकृत इमारतीही उभ्या राहिल्या. 4 एप्रिल 2013 रोजी मुंब्र्याजवळ शीळ फाटा येथे अशीच एक अनधिकृत इमारत कोसळून 74 जण मरण पावले. बांधकाम पुरे होण्यापूर्वीच तेथे गरीब कुटुंबे राहायला गेली होती.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवा व साक्षीदार करा, अशी ताकीद सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे. आपला माणूस, आपल्या गावचा मालक, म्हणून तोंडी शब्दावर आयुष्याची कमाई सोपवू नये. कागद पक्का असला तर ओळखही टिकते आणि पैसाही.