अन्न पोटात जातं, पुढे काय होतं?

तंजावरच्या सरस्वती महालात सरफोजीराजांनी तपासलेल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी आहेत, आजारी डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह. डोळा समोर दिसतो म्हणून त्याचं चित्र काढता आलं. पण दोन वेळ जेवूनही वाळत चाललेल्या माणसाचं आतडं कोण बघणार? पुरेसं खायला मिळत नाही म्हणून तो खंगला, की खाल्लेलं अंगी लागत नाही म्हणून? रक्त तपासलं तर दोन्हीकडे चित्र बऱ्याचदा सारखंच.

हा गुंता सुटायला सुरुवात झाली ती आपल्या परळला. 1928 साली डॉक्टर ल्यूसी विल्स मुंबईत आल्या. गरीब गर्भवती बायांना होणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचं कारण त्यांना शोधायचं होतं. हाफकिन संस्थेत उंदरांवर प्रयोग सुरू झाले, पण उंदरांच्या अंगावरच्या उवांनी बार्टोनेला जंतू पसरवले आणि निष्कर्षांचा भरवसाच राहिला नाही. मग माकडं आणली. त्यातलं एक अगदी शेवटच्या घटका मोजत होतं. त्याला मार्माइट, म्हणजे यीस्टचा स्वस्तातला काळा अर्क दिला आणि ते उठून बसलं! पुढे बायाही त्याच अर्कावर सुधारल्या. 1931 साली हे छापून आलं. त्या अर्कातलं औषधी द्रव्य म्हणजे फोलेट.

विल्सबाईंच्या रुग्णांच्या ताटातच फोलेट कमी होतं. संशोधक यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या घरावर आलेलं संकट वेगळं होतं. त्यांचे दोन भाऊ आठ दिवसांच्या अंतरानं गेले, ‘ट्रॉपिकल स्प्रू’नं. या आजारात लहान आतड्याचं अस्तर झिजतं आणि खाल्लेलं तसंच वाहून जातं. स्वतः सुब्बारावांनाही त्यानं गाठलं होतं. मद्रासला डॉ. आचंट लक्ष्मीपतींच्या आयुर्वेदिक उपचारांनी ते बरे झाले. पुढे अमेरिकेत लेडर्ली कंपनीत त्यांच्या चमूनं 1945 साली फोलिक अ‍ॅसिड तयार केलं आणि तेच स्प्रूच्या रुग्णांना दिलं जाऊ लागलं. औषधांच्या इतिहासात यापेक्षा हृदयाला भिडणारी गोष्ट मला माहीत नाही.

पण आतडं प्रत्यक्ष बघितलं ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. साठच्या दशकात स्प्रूच्या साथीनं आसपासची गावंच्या गावं अंथरुणाला खिळली, तेव्हा सेल्विन बेकर आणि व्ही. आय. माथन तिथे काम करत होते. हाताशी होती क्रॉस्बी कॅप्सूल. बारीक नळीच्या टोकाला बांधलेली ही धातूची डबी रुग्णानं गिळायची, ती पुढे सरकेपर्यंत तासन् तास थांबायचं, क्ष-किरणांखाली जागा बघायची. मग सिरिंजनं हवा ओढली, की अस्तराचा कण डबीच्या भोकात शिरतो आणि आतलं पातं तो कापतं. पाश्चात्त्य पुस्तकांत निरोगी अस्तरावर बोटांसारखे उंचवटे दाखवलेले असत. इथे धडधाकट माणसांतही ते पानांसारखे, कड्यांसारखे रुंद निघाले. म्हणजे आजार ठरवण्याआधी इथलं ‘निरोगी’ काय, तेच नव्यानं ठरवावं लागलं. वेल्लोरचं हे काम मला सगळ्यांत मोठं वाटतं.

प्रयोगशाळेतलं खरं कष्टाचं काम मात्र कुणी सांगत नाही. तीन दिवसांची सगळी विष्ठा डब्यात साठवायची, वजन करायची, घोटायची आणि तिच्यातली चरबी मोजायची. रोज 100 ग्रॅम चरबी खाऊन 7 ग्रॅमपेक्षा जास्त बाहेर पडली, तर पचन किंवा शोषण बिघडलंय. एक वेळ जरी डब्यात पडायची राहिली तरी हिशेब चुकतो, आणि रुग्ण लाजेनं हमखास लपवतो. त्याच्या जोडीला झायलोज साखर पाजून पाच तासांची लघवी तपासायची. ही साखर पचवावी लागत नाही, धड अस्तरातून ती थेट रक्तात जाते. ती नीट उतरली आणि चरबी मात्र वाहून गेली, तर अस्तराआधी स्वादुपिंडाकडे बघायचं.

आता दुर्बीण आहे, रक्ताच्या चाचण्या आहेत. जिआर्डिया, आतड्याचा क्षयरोग, क्रोन्स, सीलिअ‍ॅक हे सगळे वेगवेगळे ओळखता येतात. तरी एक गोष्ट अजून घडते. गहू बाधतो असं कुठेतरी ऐकून माणूस पोळी बंद करतो, चार-सहा महिने भाकरी-भातावर राहतो आणि मग सीलिअ‍ॅकची, म्हणजे गव्हामुळे आतड्याचं अस्तर बिघडवणाऱ्या आजाराची, तपासणी करायला येतो. तोवर रक्तातली प्रतिपिंडं उतरलेली असतात, अस्तरही सावरू लागलेलं असतं. अहवाल ‘नॉर्मल’ येतो आणि आजार तसाच राहतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोळी सोडू नका. तपासणी होईपर्यंत ती ताटात असायलाच हवी.