तबलजीने पहिला पखवाज घेताना

लावणी आटपली, बेणणी संपत आली, की आपल्या मालवणी मुलखात देवळाच्या सभामंडपातला दिवा रात्री उशिरापर्यंत जळू लागतो. गणपतीला महिना राहिलेला असतो. घरोघरी भजने करायची असतात. चाकरमानी येणार, आरती झाली की "बुवा, बसा आता" म्हणणार. नेमका याच दिवसांत मंडळाच्या बैठकीत एक विषय निघतो. "आपलो पखवाज कधी येतलो?" पेटी आहे, झांजा आहेत, तबला आहे. तबल्याला हात बसलेला गडी वाडीत आहे, दहा-पंधरा वर्षे साथ करतो आहे. मग पखवाज आणून त्याच्या पुढ्यात ठेवला की काम झाले, असे सर्वांना वाटते.

तसे होत नाही. वर्गणीच्या पैशातून आणलेला पखवाज दोन वर्षांत देवळाच्या कोपऱ्यात गवसणी घालून पडलेला तुम्हीही एखाद्या गावात पाहिला असेल. "आवाजच नाय त्याका" असे म्हणतात आणि दोष कारागिराला देतात. पुष्कळदा चूक घेतानाच झालेली असते. ती कशी टाळावी, ते पाहू.

तबल्याचा हात, पखवाजाची थाप

तबला आणि पखवाज एकाच घराण्यातली भावंडे. पखवाज थोरला. धृपदाला साथ त्याची, वारकऱ्यांच्या कीर्तनाला साथ त्याची. एकोणिसाव्या शतकात इंदूरच्या होळकर दरबारात नाव गाजवलेले नाना पानसे हे पखवाजातले मोठे नाव. त्यांच्या नावाचे घराणे आजही सांगितले जाते. भावंडे असली तरी स्वभाव वेगळे. तबला बोटांनी बोलतो. किनारीवर तर्जनी पडली की 'ना' वाजतो, डग्ग्यावर मनगट दाबून आवाज खालीवर घुमवता येतो. पखवाज उघड्या पंजाने बोलतो. थाप मारायची आणि हात सोडून द्यायचा, आवाज घुमू द्यायचा. मनगट दाबून धरले की पखवाज मुका होतो.

म्हणून तबलजी दुकानात गेला की पहिली फसगत होते ती स्वतःच्या हाताकडून. तो सवयीने किनारीवर बोट मारून बघतो. ज्या पखवाजाचा 'ना' तबल्यासारखा टणटणीत लागतो, तो त्याला आवडतो. म्हणजे लहान तोंडाचा, ताठ ओढलेला, हलका नग तो पसंत करतो. घरी आल्यावर गजराच्या वेळी 'धा' मारला की खर्ज मिळत नाही. तबल्यासारखाच वाजणारा पखवाज हवा असेल, तर तबला आहेच की मंडळात! पखवाज घ्यायचा तो त्याच्या घुमाऱ्यासाठी. हे एकच वाक्य ध्यानात ठेवून दुकानाची पायरी चढा.

त्याआधी आणखी एक करा. शेजारच्या गावच्या मंडळाकडून महिनाभर पखवाज मागून आणा. आपल्या तबलजीला रोज अर्धा तास बसू दे. जाणत्या पखवाजीकडून हाताची ठेवण शिकू दे. महिन्याने त्याचे खांदे, मनगट आणि मन काय म्हणते ते विचारा. बैल जुंपून पाहिल्याशिवाय आपण बाजारात पैसे मोजत नाही, तसेच हे.

खोड म्हणजे जमीन, पुडी म्हणजे पीक

पखवाजाचे दोन भाग ओळखा. आत पोकळ केलेले लाकूड ते खोड. दोन्ही तोंडांवर चढवलेले कातडे ती पुडी. पुडी झिजते, फाटते, बदलता येते. खोड मात्र जन्माचे. पीक एका हंगामात गेले तर पुढच्या हंगामात घेता येते, जमीनच खारवट निघाली तर काय करणार? तेव्हा चकचकीत पॉलिश आणि रंगीत गवसणी पाहून भुलू नका. पैसा खोडात घाला.

खैर, शिसव, बाभूळ, कडुनिंब, आंबा अशी वेगवेगळी लाकडे वापरतात. खैर आणि शिसव जड, टिकाऊ. आंब्याचे खोड स्वस्त, पण लवकर किडते. दक्षिणेतला मृदंग फणसाच्या लाकडाचा करतात, हे ऐकून कोणी म्हणेल, "आपल्या परड्यातलो फणस तोडूया, झाला काम." थांबा! ओल्या लाकडाचे खोड वाळताना तडकते. खोडाचे लाकूड चांगले मुरलेले लागते. दुसरे असे, की वृक्षतोडीसंबंधीच्या 1964 च्या राज्य कायद्याच्या यादीत आंबा, फणस आणि खैर ही झाडे आहेत. परवानगीशिवाय कुऱ्हाड लावू नये. सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी मंडळींनी हे वाडीत समजावून सांगावे.

शक्य असेल तर पुडी चढवण्याआधी खोड आतून पाहा. कारागिराला सांगून ठेवले तर तो दाखवतो. आत चीर आहे का, गाठ आहे का, भुसा आणि सरस भरून भोक बुजवले आहे का, भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ आहे का, हे बोट फिरवून कळते. जुने खोड मिळत असेल तर नाक मुरडू नका. वीस-पंचवीस वर्षांचे, न किडलेले, न चिरलेले खोड पुरते वाळलेले असते. त्यावर नव्या पुड्या चढवल्या की नव्यापेक्षा सरस वाजू शकते.

आता वजन. जड लाकडाचा पखवाज दहा किलोच्या पुढे सहज जातो. बैठकीच्या भजनाला ते चालते. पण तुमचे मंडळ दिंडीत, पालखीबरोबर गळ्यात अडकवून वाजवणार असेल, किंवा गणपतीत पावसाळी पाणंदीतून वाडीवाडी फिरणार असेल, तर हलके खोड घ्या. फायबरचे खोडही मिळते. ते पावसाला भीत नाही, पण लाकडाचा भरीवपणा त्याला नाही. आपले काम कोणते, ते आधी ठरवा.

तोंड आणि पट्टी

साधारणपणे पखवाजाची लांबी दोन ते अडीच फूट, उजवे तोंड सहा ते सात इंच, डावे म्हणजे धुमाचे तोंड नऊ-दहा इंच असते. उजवे तोंड लहान असेल तर वरच्या पट्टीत चढते, मोठे असेल तर खालच्या पट्टीत भरून वाजते. मोठे तोंड ओढून ओढून वर चढवले तर पुडी फाटते. लहान तोंड सैल सोडून खाली आणले तर फदफद वाजते.

म्हणून बुवा कोणत्या पट्टीत गातात, ती आधी कागदावर लिहा. काळी चार की काळी पाच, की आणखी कुठली? मंडळात दोन बुवा दोन पट्ट्यांत गात असतील, तर ज्यांची भजने जास्त त्यांची पट्टी धरा आणि दुसऱ्यांसाठी वेगळी पुडी ठेवता येते का, ते कारागिराला विचारा. मोबाईलवर सूर लावून जाऊ नका. जुन्या पेटीचा सूर आणि मोबाईलचा सूर तंतोतंत जुळतोच असे नाही. त्रास पडला तरी चालेल, पण मंडळाची पेटीच बरोबर न्या.

वादी की नट-बोल्ट?

जुन्या पद्धतीचा पखवाज चामड्याच्या वादीने ओढलेला असतो. वादीखाली आठ लाकडी गठ्ठे असतात. ते ठोकून सूर चढवायचा, आणि बारीक फरक गजऱ्यावर हातोडी मारून काढायचा. एकच वादी दोन्ही पुड्यांतून जाते. त्यामुळे उजवीकडे फार ओढले की धुमाचाही आवाज हलतो. तबल्यात डग्गा वेगळा असल्याने तबलजीला ही सवय नसते. सुरुवातीला गोंधळ होतो, घाबरू नये.

नट-बोल्टच्या पखवाजाला लोखंडी कड्या आणि सळ्या असतात. पान्याने ओढ कमी-जास्त होते, पुडी घरच्या घरी बदलता येते. ज्या गावात पुडी चढवणारा कारागीर नाही, त्यांना ही मोठी सोय. पण आपला समुद्रकाठ. खाऱ्या हवेत लोखंड गंजते, बोल्ट अडकतो, मग पाना फिरवताना कडी वाकते. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरच्या मंडळांनी गंज न धरणारे बोल्ट मागावेत आणि महिन्याला तेलाचा हात फिरवावा. कारागीर तासाभराच्या वाटेवर असेल तर वादी घ्या. नसेल तर बोल्ट घ्या. यात कमीपणा नाही.

दुकानात बसून काय पाहाल?

वारकरी वाद्यांसाठी पंढरपूरची बाजारपेठ जुनी. मिरजेचे नाव तंतुवाद्यांसाठी मोठे; तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मुंबई-कोल्हापुरातही कारागीर आहेत. कुठेही जा, पण दुपारच्या गाडीने परत यायचे म्हणून घाई करू नका. बरोबर एक जुना पखवाजी न्या. मग या क्रमाने पाहा:

पहिले, उजव्या पुडीवर सोळाही घरांत बोट मारून सगळीकडे एकच सूर लागतो का ते ऐका. दुसरे, शाई पाहा. लोखंडाच्या पुडीची ही शाई थर देऊन, दगडाने घोटून केलेली असते. ती खपली धरलेली, किनारीला उडालेली नसावी. तिसरे, धुमाला कणिक लावायला सांगा. कणिक न लावता धुमाची पारख होत नाही. डग्ग्याला शाई कायमची असते, धुमाला दर वेळी ताजी भिजवलेली कणिक लावावी लागते. कणिक जास्त तर आवाज खाली, कमी तर वर. चौथे, दोन्ही हातांनी 'धा' मारून दहा पावले दूर उभ्या राहिलेल्या माणसाला विचारा. वाजवणाऱ्याला जवळून वेगळे ऐकू येते, सभामंडपातल्या माणसाला वेगळे. पाचवे, अर्धा तास बसून अभंगाचा ठेका आणि गजराची लग्गी वाजवा. हात पसरून खांदा भरून येत असेल, तर आखूड खोड पाहा. सहावे, उजव्या बाजूच्या दोन जादा पुड्या त्याच वेळी, त्याच मापाच्या घ्या. ऐन चतुर्थीत पुडी फाटली तर कोण धावत येणार?

पाऊस, ऊन आणि उंदीर

पखवाज मरतो तो वाजवून नव्हे, ठेवण्याने. पावसाळ्यात कातडे ओल धरते, सैल पडते. मग तबलजी ताकदीने ओढून सूर चढवतो. पाऊस जाऊन कडक ऊन पडले की तेच कातडे आकसते आणि रात्रीत फाटते. म्हणून पावसात ओढलेली पुडी दसऱ्याच्या सुमारास थोडी उतरवून ठेवा. चुलीजवळ शेकवू नका, उन्हात तर मुळीच ठेवू नका. जमिनीवर न ठेवता चौरंगावर, गोधडीत गुंडाळून ठेवा.

भजन संपले की कणिक वाळायच्या आत काढा आणि ओल्या फडक्याने धुमा पुसा. वाळलेली कणिक खरवडताना कातडे सोलते, आणि राहिलेली कणिक उंदराला आमंत्रण देते. प्रसाद वाटण्याआधी हे काम आटपायचे, असा नेमच करा.

पैसा सगळ्यांचा आहे

शेवटी व्यवहार. पखवाज वर्गणीचा असेल तर पावती मंडळाच्या नावे घ्या, तबलजीच्या नावे नको. मंडळ किंवा देवस्थान नोंदणी झालेले असेल तर जडसंग्रह वहीत नोंद करा. खोडाचे लाकूड, तोंडाचे माप, खरेदीची तारीख लिहा. पखवाज कोणाच्या घरी राहणार, दुसऱ्या वाडीला द्यायचा की नाही, पुडी फाटली तर खर्च कोणाचा, हे आणण्याआधी ठरवा. एका पुडीवरून दोन वाड्यांचे बोलणे बंद व्हावे, हे देवालाही आवडणार नाही.

आणि तबलजीला वर्षभर वेळ द्या. पहिल्या चतुर्थीला त्याचा हात तबल्याचाच पडेल, गजरात बोल अडखळतील. टाळ वाजवणाऱ्यांनी हसू नये. तोही तबला सोडून देत नाही, एक हात आणखी शिकतो आहे. पुढच्या वर्षी नव्या पखवाजावर त्याची मोकळी थाप पडेल आणि पडवीत बसलेला म्हातारा मान डोलवून म्हणेल, "आता खरा भजन!" तेव्हा तुमची वर्गणी वसूल झाली असे समजा.