वर्षाला 6 कोटी डॉलर : क्वार्टरबॅकच्या कराराबद्दलचे गैरसमज

8 सप्टेंबर 2024. डॅलस काउबॉइज हंगामातला पहिला सामना खेळायला क्लीव्हलँडला गेले होते. सामन्याला काही तास उरले असताना बातमी आली की क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटचा करार आणखी चार वर्षांनी वाढवला आहे. रक्कम 24 कोटी डॉलर, म्हणजे वर्षाला 6 कोटी. अमेरिकन फुटबॉलमध्ये एवढा वार्षिक मोबदला त्याआधी कोणालाच मिळाला नव्हता. पुढे नोव्हेंबरात प्रेस्कॉटच्या मांडीच्या मागच्या स्नायूला मोठी दुखापत झाली, त्याचा हंगाम तिथेच संपला आणि काउबॉइज 17 पैकी 10 सामने हरले. तेव्हापासून ‘क्वार्टरबॅकला एवढे पैसे द्यावेत का’ हा वाद पुन्हा पेटला आहे. न्यू जर्सीत किंवा डॅलसमध्ये वाढणाऱ्या मराठी मुलांच्या घरांतही तो ऐकू येतो. या वादात चुकीच्या समजुती इतक्या आहेत की मूळ प्रश्न बाजूलाच राहतो.

आधी दोन गोष्टी. आक्रमणाची जवळजवळ प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातातून सुरू होते. चेंडू कोणाला द्यायचा, कधी फेकायचा, समोरचा बचाव ओळखून ऐन वेळी चाल बदलायची का, हे तो दोन-तीन सेकंदांत ठरवतो. आणि एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये ‘सॅलरी कॅप’ आहे. संघात 53 खेळाडू असतात आणि त्यांच्यावरच्या वर्षाच्या खर्चाला सगळ्या संघांना सारखीच मर्यादा असते. आयपीएलच्या लिलावात 120 कोटी रुपयांच्या पर्समधून लखनौने ऋषभ पंतवर 27 कोटी लावले, तेव्हा बाकीच्यांसाठी 93 कोटीच उरले. हिशोब त्याच जातीचा आहे, फक्त इथे करार अनेक वर्षांचे असतात.

‘आकडे हाताबाहेर गेलेत’

नुसता डॉलरचा आकडा बघितला की असं वाटणं साहजिक आहे. पण ही मर्यादा 1994 मध्ये लागू झाली तेव्हा 3.46 कोटी डॉलर होती. 2024 मध्ये ती 25.54 कोटी झाली, 2025 मध्ये 27.92 कोटी. मधे फक्त कोविडनंतरच्या 2021 मध्ये ती ठळकपणे खाली आली. दूरचित्रवाणीच्या हक्कांमधून येणारा पैसा वाढतो तशी मर्यादा वाढते, कारण लीगच्या उत्पन्नातला खेळाडूंचा वाटा सामूहिक करारानेच ठरलेला आहे. त्यामुळे क्वार्टरबॅकला कमी दिल्याने तिकीट स्वस्त होत नाही. तो पैसा दुसऱ्या खेळाडूकडे जातो, एवढंच.

म्हणून बघायचा असतो तो वाटा. 2020 मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सने पॅट्रिक महोम्सला वर्षाला सरासरी 4.5 कोटी दिले, तेव्हा ते त्या वर्षीच्या मर्यादेच्या 23 टक्क्यांच्या जवळपास होते. प्रेस्कॉटचे 6 कोटी म्हणजे साडेतेवीस टक्के. डॉलर एक तृतीयांशाने वाढले, वाटा मात्र जवळपास तिथेच राहिला. थोडं मागे गेलं तर वाढ खरीच आहे. 2013 मध्ये ॲरन रॉजर्सचा वर्षाला 2.2 कोटींचा करार त्या वर्षीच्या मर्यादेच्या 18 टक्के होता. अकरा वर्षांत साडेपाच टक्केबिंदूंची वाढ दुर्लक्ष करण्यासारखी नाही, पण मथळ्यांतून जो भडका दिसतो तसा भडकाही उडालेला नाही.

‘करार 50 कोटींचा म्हणजे त्याला 50 कोटी मिळणार’

सगळ्यांत जास्त दिशाभूल इथे होते. महोम्सचा दहा वर्षांचा करार सगळे जास्तीचे बोनस धरून 50 कोटी डॉलरच्या वर जाणारा म्हणून गाजला, पण सही करताना पक्की हमी होती ती सुमारे 6.3 कोटींची. बाकीची रक्कम पुढच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने पक्की होत जाणार होती. एनएफएलमध्ये संघ खेळाडूला कधीही काढू शकतो आणि हमी नसलेला पैसा तिथेच बुडतो. याउलट प्रेस्कॉटच्या 24 कोटींपैकी 23.1 कोटी हमीचे आहेत. कागदावर महोम्सचा करार दुप्पट मोठा दिसतो, जोखमीच्या दृष्टीने प्रेस्कॉटचा करार कितीतरी जड आहे.

दुसरी गुंतागुंत साइनिंग बोनसची. संघ बोनस आज रोख देतो, पण कॅपच्या हिशोबात तो जास्तीत जास्त पाच वर्षांत विभागून मांडता येतो. आज 5 कोटी दिले तर हिशोबात दरवर्षी एकेक कोटी दिसतो. फिलाडेल्फिया ईगल्स या कामात फार तरबेज आहेत. 2023 मध्ये त्यांनी जेलन हर्ट्सशी पाच वर्षांचा 25.5 कोटींचा करार केला, सरासरी 5.1 कोटींची. तरी 2024 च्या हंगामात त्याचा कॅपवरचा भार 1.4 कोटींच्या आत होता. त्याच हंगामाच्या शेवटी ईगल्सने महोम्सच्या चीफ्सला 40-22 असं हरवून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. पुढे ढकललेला खर्च अर्थात माफ होत नाही. खेळाडू मुदतीआधी गेला की राहिलेला बोनस हिशोबात येऊन बसतो. त्याला ‘डेड मनी’ म्हणतात : माणूस दुसऱ्या संघात, खर्च आपल्या खात्यावर.

‘मोठा करार झाला की विजेतेपद विसरा’

बरीच वर्षं हे वाक्य आकड्यांच्या आधाराने बोललं जायचं. 1994 च्या हंगामात स्टीव्ह यंगने सॅन फ्रान्सिस्कोला सुपर बोल जिंकून दिला तेव्हा त्याचा कॅपमधला वाटा 13.1 टक्के होता. त्याहून मोठा वाटा घेणाऱ्या एकाही क्वार्टरबॅकला पुढे कित्येक वर्षं विजेतेपद मिळालं नाही. मग 2022 च्या हंगामात महोम्सने त्या वर्षीच्या कॅपचा 17 टक्के वाटा घेऊन ते मिळवलं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा.

ते कसं जमलं, हे समजून घेण्यासारखं आहे. मार्च 2022 मध्ये चीफ्सने टायरिक हिलला मायामीला देऊन टाकलं. लीगमधला सगळ्यांत वेगवान आणि धोकादायक रिसीव्हर गेला म्हणून चाहते चिडले होते. पण त्या बदल्यात ड्राफ्टमधल्या, म्हणजे नवख्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतल्या, पाच जागा मिळाल्या. चीफ्सने त्या वर्षी स्वस्त नवखे खेळाडू भरले आणि त्यातल्या अनेकांना थेट मैदानात उतरवलं. सातव्या फेरीत निवडलेला आयझाया पचेको त्या हंगामात संघाचा मुख्य धावपटू झाला. महाग क्वार्टरबॅक परवडायचा तर ड्राफ्ट चुकून चालत नाही.

सिनसिनाटी बेंगल्सच्या बाबतीत नेमकं उलट घडलं. 2023 मध्ये जो बरोला पाच वर्षांसाठी 27.5 कोटी मिळाले. 2024 मध्ये त्याने 4,918 यार्ड आणि 43 टचडाउन पास फेकले, दोन्हींत लीगमध्ये पहिला. तरीही बेंगल्स प्लेऑफपर्यंत पोहोचले नाहीत, कारण बचाव ढासळला होता. बरोला दिलेला पैसा वाया गेला असं मी म्हणणार नाही. त्याच्याभोवतीची माणसं निवडण्यात संघ कमी पडला.

‘दर चार वर्षांनी स्वस्त नवखा आणावा’

2011 पासून ड्राफ्टमधल्या नवख्यांचे पगार ठरावीक तक्त्यानुसार मिळतात. त्यामुळे चांगला नवखा क्वार्टरबॅक म्हणजे संघासाठी मोठीच बचत. 2013 च्या हंगामात रसेल विल्सनने जवळपास सव्वापाच लाख डॉलरच्या पगारात सिॲटलला सुपर बोल जिंकून दिला, तेव्हापासून या विचाराला फार जोर आला.

पण 2021 चा ड्राफ्ट आठवा. पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले : ट्रेव्हर लॉरेन्स, झॅक विल्सन, ट्रे लान्स, जस्टिन फील्ड्स आणि मॅक जोन्स. दुसरा करार आपल्या मूळ संघाकडून फक्त लॉरेन्सला मिळाला. बाकी चौघांना त्यांच्या संघांनी तीन वर्षांच्या आत-बाहेर दुसरीकडे पाठवून दिलं. लान्ससाठी सॅन फ्रान्सिस्कोने पहिल्या फेरीतल्या तीन जागा मोजल्या होत्या. त्यांना तारलं ते पुढच्या वर्षी 262 व्या, म्हणजे ड्राफ्टमधल्या अगदी शेवटच्या क्रमांकावर निवडलेल्या ब्रॉक पर्डीने, आणि 2025 मध्ये त्यालाही पाच वर्षांचे 26.5 कोटी द्यावे लागले. शेवटच्या क्रमांकावर पर्डी सापडणं हे नशीब आहे, त्याला योजना म्हणता येत नाही.

‘याच्याहून बरा दुसरा मिळणार नाही, मग यालाच द्या’

माझ्या मते हीच सगळ्यांत महागात पडणारी समजूत आहे, आणि न्यूयॉर्क जायंट्सने तिची पुरी किंमत मोजली.

2022 च्या हंगामाआधी जायंट्सने क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सच्या नवख्या करारातलं, संघाच्या मर्जीवर असलेलं पाचवं वर्ष नाकारलं. खेळाबद्दल त्यांनाच खात्री नव्हती. मग 2022 चा हंगाम बरा गेला. संघ प्लेऑफला पोहोचला, मिनेसोटाला त्यांच्या घरच्या मैदानावर 31-24 असं हरवलं. जोन्सने हंगामभरात 15 टचडाउन पास फेकले होते. चुका कमी, धावणं चांगलं, पण फेकीच्या बळावर सामना फिरवणारा खेळाडू तो तेव्हाही नव्हता. दहा महिन्यांपूर्वी ज्याचं एक वर्ष वाढवायला संघ तयार नव्हता, त्याला 7 मार्च 2023 रोजी फ्रँचायझी टॅगची मुदत संपायला काही मिनिटं असताना चार वर्षांचे 16 कोटी दिले. त्यातले 8 कोटींहून अधिक हमीचे.

टॅग म्हणजे करार संपलेल्या खेळाडूला ठरावीक रकमेत आणखी एक वर्ष राखून ठेवण्याची मुभा. एका संघाला एका वर्षी एकच टॅग वापरता येतो. जोन्सचा करार झाल्यावर तो धावपटू सॅक्वॉन बार्कलीवर लावला गेला, 1.01 कोटींचा, एका वर्षापुरता. जोन्सवर लावला असता तर सुमारे 3.24 कोटी लागले असते, पण एका वर्षात तो खरा कसा आहे ते कळलं असतं.

पुढच्या हंगामात जोन्स फक्त सहा सामने खेळला. दोन टचडाउन पास, सहा इंटरसेप्शन आणि गुडघ्याला गंभीर दुखापत. नोव्हेंबर 2024 मध्ये जायंट्सने त्याला मोकळं केलं. बार्कली त्याआधीच, मार्च 2024 मध्ये, तीन वर्षांच्या 3.775 कोटींवर ईगल्सकडे गेला होता. त्याची तीन वर्षं मिळून जोन्सच्या सरासरी एका वर्षापेक्षा कमी. 2024 मध्ये बार्कली 2,005 यार्ड धावला आणि सुपर बोल जिंकला. जायंट्सने तो हंगाम 3-14 वर संपवला. लहानपणापासून जायंट्सची निळी जर्सी घालणाऱ्या पोरांनी आपला सगळ्यांत लाडका खेळाडू शेजारच्या प्रतिस्पर्ध्याकडून जिंकताना पाहिला. मधल्या दर्जाच्या क्वार्टरबॅकला वरच्या दर्जाचा भाव दिला की नुकसान हे असं होतं, आणि ते चाहत्यांपर्यंत पोहोचतं.

‘थांबलं तर स्वस्तात पडेल’

2016 च्या ड्राफ्टमधले तीन क्वार्टरबॅक बघा. जॅरेड गॉफ पहिल्या क्रमांकावर, कार्सन वेंट्झ दुसऱ्या, प्रेस्कॉट 135 व्या. 2019 मध्ये पहिल्या दोघांचे करार झाले, वर्षाला 3.2 ते 3.4 कोटींच्या घरात. काउबॉइज थांबले. 2020 मध्ये प्रेस्कॉटला टॅगचे 3.14 कोटी द्यावे लागले. त्याच वर्षी त्याचा घोटा मोडला, तरी 2021 मध्ये वर्षाला 4 कोटींचा करार करावा लागला. त्या करारात पुन्हा टॅग लावायचा नाही आणि परवानगीशिवाय दुसरीकडे पाठवायचं नाही, अशा दोन अटी होत्या. 2024 उजाडलं तेव्हा काउबॉइजच्या हातात कोणताच पत्ता राहिला नव्हता. 6 कोटी तिथून आले.

पण लवकर सही केलेले ते दोघं? रॅम्स संघाने आपल्या गॉफला दोन वर्षांच्या आत डेट्रॉइटला पाठवलं, सोबत पहिल्या फेरीतल्या दोन जागा देऊन. ईगल्सने वेंट्झला दुसरीकडे पाठवलं तेव्हा 3.38 कोटींचा डेड मनी अंगावर घेतला, त्या काळी तो विक्रम होता. म्हणजे खात्री असेल तर लवकर द्यावं, शंका असेल तर टॅग लावून थांबावं. शंका असताना लवकर देणं आणि खात्री असताना ताणत बसणं, दोन्ही सारखेच घोटाळे.

‘एक चुकीचा करार संघाला दहा वर्षं बुडवतो’

गॉफच्या बदल्यात मॅथ्यू स्टॅफर्ड आणणाऱ्या रॅम्सनी पहिल्याच हंगामात सुपर बोल जिंकला. ईगल्सने वेंट्झचा भार एका वर्षात सोसला आणि हर्ट्सला पुढे आणलं. डेन्व्हरने 2022 मध्ये रसेल विल्सनला 24.5 कोटींची मुदतवाढ दिली, दोन हंगामांनी त्याला सोडलं आणि एकूण 8.5 कोटींचा डेड मनी पत्करला. त्यातले 5.3 कोटी 2024 च्या एकाच हंगामात कॅपवर होते. त्याच हंगामात नवख्या बो निक्सला घेऊन डेन्व्हरने 10 सामने जिंकले आणि 2015 नंतर पहिल्यांदा प्लेऑफ गाठला.

क्लीव्हलँड ब्राउन्सना मात्र हे जमलं नाही. डेशॉन वॉटसनसाठी 2022 मध्ये त्यांनी पहिल्या फेरीतल्या तीन जागा दिल्या आणि वर 23 कोटींचा पाच वर्षांचा करार केला, त्यातला प्रत्येक डॉलर हमीचा. निलंबन आणि दुखापतींमुळे पहिल्या तीन हंगामांत तो 19 सामने खेळला. इतर संघांनी चूक कबूल करून पुढची वाट धरली, कारण त्यांच्या करारांत बाहेर पडायला फट होती. ब्राउन्सनी ती स्वतःच बुजवली होती आणि नवी माणसं आणायच्या जागाही देऊन टाकल्या होत्या. पुढच्या वेळी असा करार जाहीर झाला की मथळ्यातला मोठा आकडा सोडा. हमी किती आणि तिसऱ्या वर्षी बाहेर पडायला किती लागेल, हे दोन आकडे आधी शोधा. ते पटण्यासारखे नसतील तर क्वार्टरबॅक कितीही आवडता असो, तो करार करू नये.