प्लॅन आमचा, मर्जी दर्याची

स्कूबा, किल्ला आणि सुरमईची थाळी... दोन दिवसांत मालवण 'करायला' निघालेल्या चौघांना वाटेतच मान्सून भेटला. पुढे काय झालं?

नोकरी करणाऱ्यांचा वीकेंड म्हणजे मोजून अठ्ठेचाळीस तास. त्यातून झोप वजा करा, प्रवास वजा करा, कुणीतरी घरी विसरलेला चार्जर विकत घेण्यात गेलेला अर्धा तास वजा करा. उरतं काय? म्हणून तर प्लॅन लागतो. आमच्या ग्रुपमध्ये तर चक्क एक्सेल शीट लागते! ती बनवण्याचं खातं आमच्या आयटीवाल्याकडे. शनिवारी सकाळी नाश्ता, मग स्कूबा, दुपारी सुरमई थाळी, संध्याकाळी सिंधुदुर्ग किल्ला. रविवारी देवबागचा संगम, डॉल्फिन, आणि रात्रीच्या गाडीने परत. रंगीबेरंगी चौकटी, प्रत्येकीत वेळ.

तारीख होती २४ आणि २५ मे २०२५. तारखेला कारणही होतं. कॉलेजपासूनच्या आमच्या चौकडीतली एक जण जूनमध्ये नोकरीसाठी बंगळुरूला चालली होती. तिची एकच फर्माईश, समुद्राच्या पोटात काय असतं ते एकदा बघायचंय. मालवणात पोहायला न येणाऱ्यांनाही स्कूबा करवतात. पण ही बया एवढी सिन्सियर, की तिने त्यासाठी सहा महिने ऑफिसच्या आधी पोहण्याचा क्लास लावला होता. आणि पावसाचं काय? तो तळकोकणात येतो जूनच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे आमच्या हाती चांगले दहा-बारा दिवस होते. निदान कॅलेंडरप्रमाणे तरी!

पाहुणा आधीच हजर

पण त्या वर्षी पावसाने कॅलेंडर बघितलंच नाही. २४ मे रोजी मान्सून केरळात दाखल झाला, म्हणजे नेहमीच्या १ जूनपेक्षा आठ दिवस आधी. दुसऱ्याच दिवशी हवामान खात्याने तो महाराष्ट्रात, थेट देवगडपर्यंत पोहोचल्याचं जाहीर केलं. देवगड म्हणजे सिंधुदुर्ग जिल्हाच की! त्यात अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा आणखी तीव्र होऊन २४ तारखेलाच रत्नागिरी ते दापोलीच्या दरम्यान किनारा ओलांडून गेला. थोडक्यात, आम्ही स्कूबाची बॅग घेऊन कुडाळ स्टेशनवर उतरलो आणि समोरून मान्सून आला.

कुडाळ ते मालवण साधारण तीस किलोमीटर. रिक्षात दोन्ही बाजूंनी पाणी आत येत होतं. रिक्षावाले काका मात्र मजेत. "येवा, कोकण आपलोच आसा!" म्हणाले, आणि हसले. पुढे काय वाढून ठेवलंय ते त्यांना ठाऊक होतं बहुतेक.

तारकर्लीजवळच्या आमच्या होमस्टेच्या काकींनी चहा देता देता सगळी शीटच निकालात काढली. "स्कूबा बंद, किल्ल्यार होडी बंद, डॉल्फिन बंद. आणि लाईट रात्रीच गेली हा. घावणे खातल्यात मां?"

जेटीवरची घासाघीस

तरीही आम्ही मालवण जेटीवर गेलोच. समोर सिंधुदुर्ग. छत्रपती शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी केली २५ नोव्हेंबर १६६४ ला. ४८ एकरांत पसरलेला, भोवती सुमारे तीन किलोमीटरची तटबंदी. इथला महादरवाजा लांबून दिसतच नाही, तो तटाच्या वळणात लपवलाय. आणि भोवतालच्या पाण्यात जागोजागी बुडालेले खडक. वाट माहीत नसलेलं जहाज इथे फिरकूच नये, हीच तर जागा निवडण्यामागची गोम! साडेतीनशे वर्षांनंतरही ती तितकीच खरी आहे. त्या सकाळी लाटा तटावर आपटून वर उडत होत्या आणि एरवी पर्यटकांनी गच्च भरलेल्या होड्या किनाऱ्यावर रिकाम्या उभ्या होत्या.

तिथेच एक मोठी गाडी येऊन थांबली. सहा-सात जण उतरले, आमच्यासारखेच शहरातले. होडीवाल्या मामांशी घासाघीस सुरू. "मामा, डबल देतो. फक्त किल्ल्याला एक चक्कर." मग तिप्पट. मग, "अहो, आम्ही इतक्या लांबून आलोय!"

मामा पन्नाशीचे असतील. डोक्यावर प्लॅस्टिकची इरली, हातात विडी, तीही भिजलेली. ते शांतपणे म्हणाले, "पैसे काय, परत गावतले. जीव गावचो नाय."

गाडी निघून गेल्यावर मामा आमच्याशी बोलत बसले. तेव्हा त्या 'नाय'ची किंमत कळली. मे महिना म्हणजे इथल्या होडीवाल्यांच्या कमाईचा शेवटचा घास. शाळांच्या सुट्ट्या संपत आलेल्या, गर्दी फुल. त्यानंतर पर्यटनाच्या होड्या बंद, त्या थेट ऑगस्टअखेरपर्यंत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी, कारण तो माशांच्या विणीचा काळ. म्हणजे आमचा बुडाला एक वीकेंड, मामांचे बुडाले हंगामातले सगळ्यात भरभराटीचे दिवस. ज्याला त्या तिप्पट पैशांची सगळ्यात जास्त गरज होती, तोच 'नाही' म्हणत होता!

मग त्यांनी दक्षिणेकडे, तारकर्लीच्या दिशेने बोट दाखवलं आणि एक तारीख सांगितली. २४ मे २०२२. त्या दिवशी स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट तिथे उलटली होती. दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. आम्ही मोबाइलवर तारीख बघितली. बरोबर तीन वर्षं झाली होती, त्याच दिवशी. आयटीवाल्याने काही न बोलता शीट बंद केली.

कंदिलाच्या उजेडात समुद्र

खरं सांगायचं तर दुपारी वातावरण टाइट होतं. स्कूबाचा अॅडव्हान्स भरलेला होता. ऑक्टोबरनंतर कधीही या, पैसे जमा धरू, असं उत्तर आलं. वाईट नव्हतं. पण आमची बंगळुरूवाली एवढंच म्हणाली, "ऑक्टोबरला आपण चौघं एकत्र कुठे असणार?" यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. मग कपडे वाळत नाहीत यावरून भांडण झालं. भांडण कपड्यांचं नव्हतं, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

रात्री काकींनी कुळथाची पिठी, भात आणि सुक्या बांगड्याची किसमूर वाढली. ताजी मासळी नाही म्हणून त्या दहा वेळा हळहळल्या. बॉस, ती किसमूर खाल्ली असतीत तर तुम्ही सुरमईचं नाव काढलं नसतंत! जेवणं होतायत तोवर काकींचा पुतण्या आला. हंगामात स्कूबाच्या बोटीवर काम करणारा, चोवीस-पंचवीसचा. पावसाळ्यात तो घरची भातलावणी करतो. त्याने मोबाइल काढला आणि स्वतः पाण्याखाली घेतलेले व्हिडिओ दाखवायला सुरुवात केली. प्रवाळ, पोपटमासे, खडकाच्या कपारीतून डोकावणारा एक रागीट तोंडाचा मासा. पाण्याखाली बोलता येत नाही म्हणून हाताने खुणा कशा करायच्या, कान दुखले तर काय करायचं, तळाचं पाणी कधी नितळ असतं आणि कधी गढूळ, सगळं सांगितलं. "आता खाली हात पण दिसूचो नाय तुमका," तो म्हणाला. मोबाइलची बॅटरी संपल्यावरही बंगळुरूवालीचे प्रश्न संपले नाहीत. कंदिलात तेल होतं तोवर ती त्याच्याकडून हातांच्या खुणा शिकत होती. आम्ही तिघांनीही शिकल्या. सोमवारच्या मीटिंगमध्ये त्यातली एक मी वापरलीसुद्धा. अर्थ होता, 'मला वर घेऊन चला'!

शीटमध्ये नसलेला रविवार

रविवारी किनारा सोडून आम्ही आत वळलो. कुडाळच्या वाटेवर धामापूर लागतं. डोंगरांच्या कुशीतला तलाव आणि काठावर भगवतीचं देऊळ. तलाव १५३० चा मानतात, आणि २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन वास्तूचा मान मिळाला. पावसात त्याचं पाणी आणि झाडी एकाच रंगाची झाली होती.

तिथून कुडाळजवळचं पिंगुळी. ठाकर आदिवासी समाजाने इथे चित्रकथी जिवंत ठेवलीय. एकामागून एक चित्रं दाखवत रामायण-महाभारतातली कथा गाऊन सांगायची. सोबत लाकडी कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना याच कलेसाठी २०२१ ची पद्मश्री जाहीर झाली. बाहेर धो धो पाऊस, आत जुन्या चित्रांमधला हनुमान. एक्सेलच्या कुठल्या चौकटीत बसवणार हे?

सोमवारी, २६ मेला, आम्ही मुंबईत उतरलो तर मान्सूनही मुंबईत! त्याची नेहमीची तारीख ११ जून. त्या दिवशी वरळीचं आचार्य अत्रे चौक हे नवंकोरं भूमिगत मेट्रो स्टेशनही पाण्यात गेलं. ऑफिसात सगळे कुरकुरत होते. मला मात्र जेटीवरचे मामा आठवत होते. आपल्याकडे पाऊस आला की आपण फार तर लेट होतो. त्यांच्याकडे अख्खा हंगाम संपतो, आणि तरी ते तिप्पट पैशांना 'नाय' म्हणू शकतात.

बंगळुरूवाली जूनमध्ये ठरल्याप्रमाणे गेली. जाताना काकींनी दिलेली सुकट घेऊन गेली आणि पहिल्याच आठवड्यात ती भाजून शेजाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. मग ग्रुपवर नवी शीट आली, यावेळी तिने बनवलेली. एकच चौकट. 'मालवण, हिवाळा. दर्या हो म्हणाला तर.'

पावसाच्या तोंडावर मालवणला जाताय?

• निघण्याच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा जिल्हावार इशारा बघा. कॅलेंडरवरची तारीख म्हणजे हमी नव्हे.
• बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला, की वादळी वाऱ्याचा धोका. मग घासाघीस नको.
• लाइफ जॅकेट नसलेल्या किंवा खच्चून भरलेल्या बोटीत बसू नका, कितीही स्वस्त असली तरी.
• अॅडव्हान्स भरताना एकच प्रश्न विचारा, समुद्र बंद असला तर पैशांचं काय?
• होडी रद्द झाली म्हणून होमस्टे रद्द करू नका. पिठी-भात समुद्रावर अवलंबून नसतो!