फिर्यादीचा वाली

सकाळचे अकरा वाजून गेले, की न्यायालयाच्या दाराशी पट्टेवाला येऊन उभा राहतो आणि त्या दिवसाच्या खटल्यांचा पुकारा सुरू होतो. ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे त्याच्या पाठीशी वकील असतो, वकील देण्याची त्याची ऐपत नसेल तर तो सरकारखर्चाने मिळतो. शासनाच्या बाजूने सरकारी अभियोक्ता असतो आणि त्याच्या हाताशी तपासाचे कागद असतात. परंतु ज्या बाईच्या अंगावर प्रत्यक्ष घाव पडला, ती मात्र व्हरांड्यातल्या बाकड्याच्या कडेला, भाकरीची पिशवी मांडीवर धरून, आपले नाव कधी कानी पडते याची वाट पाहत बसलेली असते. खटल्याच्या शिरोभागी तिचे नाव नसते. तेथे ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’ एवढेच लिहिलेले असते, आणि साक्षीदारांच्या यादीतला एक क्रमांक तेवढा तिच्या वाट्याला येतो. साक्ष झाली तर ती एसटी गाठायला धावते. पुढची तारीख पडली तर पुन्हा त्याच बाकड्यावर येऊन बसते.

गुन्हा हा केवळ एका व्यक्तीचा अपराध नसून राज्याच्या शांततेवरचा आघात आहे, या तत्त्वामागे शहाणपण नाही असे कोणी म्हणणार नाही. सूड घेण्याचा अधिकार ज्याच्या त्याच्या हाती राहिला असता, तर गावोगाव पिढ्यान्‌पिढ्या चालणारी वैरे पेटती राहिली असती. परंतु अपराध्याला शासन करण्याचे काम राज्याने आपल्याकडे घेताना, ज्याचे नुकसान झाले त्याची भरपाई करण्याचे जुने ओझे मात्र ते हळूच खाली ठेवून पुढे गेले. चोराने नेलेले द्रव्य राजाने प्रजाजनाला परत मिळवून द्यावे, असा दंडक याज्ञवल्क्यस्मृतीत आहे. चोरीस गेलेला माल सापडला नाही तर राजाने तो आपल्या पदरचा भरून द्यावा, असे कौटिल्यही सांगतो. मराठेशाहीतला गावचा जागल्या चोराचा माग काढीत शिवेपर्यंत जाई, आणि तो माग दुसऱ्या गावाच्या हद्दीत नेऊन घालता आला नाही तर नुकसानीची जोखीम त्याच्यावर व त्याच्या गावावर येई. हे सारे नियम प्रत्यक्षात किती पाळले गेले हा प्रश्न वेगळा. पण लुटलेल्या माणसाचे काय झाले हे विचारणारे कोणीतरी असले पाहिजे, एवढी जाणीव त्यांत होती. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि पुढे त्यांचे फौजदारी कायदे आले, तेव्हा ही जाणीव कायद्याच्या पुस्तकातून जवळजवळ पुसली गेली.

ती परत यायला ज्या घटना कारण झाल्या, त्यांतली एक विदर्भातलीच आहे. १९७२ च्या मार्च महिन्यात तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडून दिले, नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरविले, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मुलीने प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत या आधारावर, त्यांना पुन्हा निर्दोष मुक्त केले. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. अशा प्रकरणातील पीडितेचे नाव प्रसिद्ध करणे हा त्या दुरुस्तीने गुन्हा ठरला. त्या मुलीच्या नावाने तो खटला आजही ओळखला जातो. येथे मात्र ते नाव लिहीत नाही, कारण ज्या नियमाला तिच्या दुःखातून जन्म मिळाला तो तिच्यासाठीही पाळला जावा, हे उचित वाटते.

गुन्ह्याने पीडित झालेल्यांना सरकारी खजिन्यातून भरपाई देण्याची आधुनिक पद्धत न्यूझीलंडने १९६३ च्या कायद्याने घातली. संयुक्त राष्ट्रांनी १९८५ मध्ये पीडितांच्या हक्कांचा जाहीरनामा केला. आपल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत मात्र ‘पीडित’ या शब्दाची व्याख्या २००९ च्या अखेरीस आली. तिच्याबरोबरच प्रत्येक राज्याने भरपाईची योजना आखावी, हे कलमही आले. त्या संहितेच्या जागी २०२४ च्या १ जुलैपासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ३९६ व्या कलमात आहे. त्यातील दोन गोष्टी प्रत्येकाने ध्यानात ठेवाव्यात अशा आहेत. आरोपी सापडला नाही, त्याची ओळख पटली नाही, खटला उभाच राहिला नाही, तरीही पीडिताला किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना भरपाईसाठी अर्ज करता येतो; आणि अर्ज आल्यावर दोन महिन्यांत चौकशी पुरी करावी, असे बंधन आहे.

हा अर्ज करायचा कोणाकडे? आपल्या यवतमाळ जिल्ह्यापुरते उत्तर एकच आहे: जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. फुकट वकील मिळण्याचे ठिकाण एवढीच त्याची ओळख सामान्य माणसाला असते, आणि तीही असली तर. १९७६ च्या घटनादुरुस्तीने संविधानात ३९-अ हे कलम घातले, त्यातून १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम झाला आणि तो १९९५ च्या ९ नोव्हेंबरला अमलात आला. जिल्हा न्यायाधीश हे प्राधिकरणाचे पदसिद्ध अध्यक्ष असतात. रोजचा कारभार न्यायिक सेवेतले सचिव पाहतात. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग, मानवी व्यापाराचे बळी, जातीय अत्याचाराचे किंवा आपत्तीचे बळी यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. फी नाही, स्टँप नाही, कोणाची शिफारस नाही. ज्या कचेरीत शिरताना बाई चपला बाहेर काढू का, असे विचारते, तेथे तिला खुर्ची द्यावी हा खरे म्हणजे या कायद्याचा आत्मा आहे.

बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि आम्लहल्ला यांतील पीडितांसाठी राज्याच्या महिला व बालविकास विभागाने २०१३ च्या २ ऑक्टोबरपासून ‘मनोधैर्य’ योजना सुरू केली, आणि पुढे तिचा अंमलही प्राधिकरणाकडेच सोपविला गेला. अर्थसाहाय्याची मर्यादा दहा लाखांपर्यंत वाढविण्यात आली आहे. मंजूर रकमेचा चौथा हिस्सा हाती द्यायचा आणि उरलेले तीन हिस्से पीडितेच्या नावे मुदत ठेवीत गुंतवायचे, ही तिची सर्वसाधारण रीत. घरातल्या पुरुषांनी कर्ज फेडायला किंवा बैलजोडी घ्यायला ती रक्कम वापरून टाकू नये, हा ठेवीमागचा हेतू ज्याला वऱ्हाडातले घर ठाऊक आहे त्याला सांगावा लागत नाही.

योजना कागदावर वाचताना सोपी वाटते. तिचे खरे स्वरूप कळते ते अर्जाला जोडायच्या कागदांशी. प्रथम खबर अहवालाची प्रत हवी, वैद्यकीय दाखला हवा, आधार हवे, बँकेचे पासबुक हवे. आधारावर माहेरचे नाव, पासबुकावर सासरचे, आणि ठाण्याच्या अहवालात लेखनिकाने कानाला ऐकू आले तसे लिहिलेले तिसरेच नाव, असे झाले की एकाच बाईच्या तीन बाया होतात, आणि त्या तिघी एकच आहेत हे सिद्ध करण्यासाठी तिला प्रतिज्ञापत्र करावे लागते. पासबुक असले तरी खाते कित्येक महिने वापरात नसल्याने बंद पडलेले असते. यांतले एकही कारण भरपाई नाकारण्यासारखे नाही. परंतु प्रत्येक कारण एक दिवसाची मजुरी बुडविण्यासारखे आहे, आणि मजुरी बुडविण्याची ताकद संपली की माणूस हक्क सोडून देतो. म्हणूनच अहवालाची प्रत विनामूल्य मिळणे हा हक्क आहे आणि ती ठाण्यातून उठतानाच मागून घ्यावी, हे साधे वाक्य गावातल्या प्रत्येक चावडीवर लिहून ठेवण्याच्या योग्यतेचे आहे.

यवतमाळच्या भूगोलाचा विचार केल्यावाचून हा परिचय पुरा होत नाही. साडेतेरा हजार चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक विस्तार, सोळा तालुके, २०११ च्या जनगणनेप्रमाणे पावणेअठ्ठावीस लाखांच्या आसपास वस्ती. एका बाजूला वर्धा नदी, दुसऱ्या बाजूला पैनगंगा. वणी आणि उमरखेड ही दोन टोके जिल्ह्याच्या ठिकाणापासून शंभर किलोमीटरांच्या आसपास. कोलामांचे पोड, बंजाऱ्यांचा तांडा, पारध्यांचा बेडा यांची वाट डांबरी रस्त्यापासून आणखी आत वळते. पोडावर घरात कोलामी बोलली जाते, तांड्यात गोरमाटी. ठाण्यातला जबाब मात्र पोलिसी मराठीत उतरतो, आणि ‘सदर इसमाने मजकूर फिर्यादी हीस’ या वळणाच्या भाषेत आपलीच हकिकत वाचून दाखविली गेली, तरी ती आपली आहे हे त्या बाईला ओळखू येईलच असे नाही. ज्या भाषेत ती रडते त्या भाषेत तिचा जबाब समजून घेतला जावा, तो घेणारी स्त्री अधिकारी असावी आणि शक्यतो तो तिच्या घरी घेतला जावा, अशी कायद्याची दृष्टी आहे.

या अंतरावर प्राधिकरणाने शोधलेला उपाय म्हणजे विधी स्वयंसेवक. तो वकील नसतो. गावातला शिक्षक, अंगणवाडी सेविका, निवृत्त कर्मचारी, बचत गटातली एखादी चुणचुणीत बाई, यांना थोडे प्रशिक्षण देऊन ओळखपत्र दिले जाते; आणि ठाण्यात कोणाबरोबर जाणे, अर्ज लिहून देणे, कोणता कागद कोठून मिळतो ते सांगणे, ही कामे त्याने करायची असतात. मानधन अल्प, प्रतिष्ठा त्याहून अल्प. तरीही न्यायाधीश, सचिव, समित्या आणि शासननिर्णय यांची ही सारी उतरंड ज्या एका माणसाच्या पायांवर पोडापर्यंत चालत जाते, तो हाच माणूस आहे. तो ज्या गावात आहे तेथे कायदा पोहोचतो.

प्राधिकरणाच्या शेजारी उभ्या असलेल्या इतर व्यवस्थाही ध्यानात घ्याव्यात. केंद्र शासनाने २०१५ च्या १ एप्रिलपासून सुरू केलेल्या ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये वैद्यकीय मदत, पोलिसांचे साहाय्य, समुपदेशन, कायद्याचा सल्ला आणि साधारणतः पाच दिवसांपर्यंत निवारा या गोष्टी एका छताखाली मिळाव्यात, अशी कल्पना आहे. घरातल्याच माणसाने मारहाण केली असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील संरक्षण अधिकारी आहेत. बलात्कार, आम्लहल्ला आणि बालकांवरील लैंगिक अत्याचार यांतील पीडितांवर सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने तत्काळ विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत; आधी फिर्याद आणा, मग बघू, असे उत्तर देण्याचा अधिकार कोणाही डॉक्टरला नाही. आमची हद्द नाही, हे उत्तरही आता पोलीस ठाण्याला देता येत नाही; कोणत्याही ठाण्यात फिर्याद नोंदवून ती योग्य ठाण्याकडे पाठविणे हे बंधनकारक आहे. जातीय अत्याचाराच्या प्रकरणांत समाजकल्याण विभागाकडून टप्प्याटप्प्याने साहाय्य मिळते, आणि साक्षीला येण्याजाण्याचा खर्चही मिळतो. वाहनाने धडक देऊन पळ काढला असेल, तर मृत्यूबद्दल दोन लाख व गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपये मिळण्याची योजना २०२२ च्या १ एप्रिलपासून आहे.

चोरीच्या फिर्यादीचीही एक कहाणी असते, ती सहसा कोणी सांगत नाही. चोर सापडतो, मंगळसूत्र जप्त होते, पंचनाम्यात त्याचे वजन लिहिले जाते, लाखेची मोहोर लागते, आणि ते मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या कोठडीत जाऊन पडते. आपलेच मंगळसूत्र सापडले हे कळूनही ते वर्षानुवर्षे गळ्यात येत नाही, हे त्या बाईला दुसऱ्यांदा लुटल्यासारखे होते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगून ठेवले आहे, की अशा वस्तूंची छायाचित्रे आणि पंचनामा करून त्या योग्य हमीवर मालकाच्या ताब्यात द्याव्यात, आणि त्या ठाण्यात पंधरा दिवस, फार तर एक महिना, याहून अधिक राहू नयेत. त्यासाठी न्यायालयात सुपुर्दनाम्याचा अर्ज करावा लागतो. तो लिहून देण्याचे कामही विधी सेवा समितीचा वकील करतो.

या सर्व व्यवस्थेचा हिशेब मांडताना न्यायबुद्धीने बोलायचे तर, कायद्याने फिर्यादीला आज जेवढे दिले आहे तेवढे पूर्वी कधीच दिले नव्हते. आणि तरीही साक्षीदार फितूर होतात, तडजोडी होतात, पोडावरची कुमारी माता ठाण्याची पायरी चढत नाही. लोक यास साक्षीदाराचा दुबळेपणा म्हणतात. मला तो हिशेब वाटतो: दोन वर्षे तारखा, बुडालेली मजुरी, आरोपीच्या घराशेजारचेच आपले घर, आणि या सगळ्याच्या दुसऱ्या पारड्यात काहीच नाही, असे ज्याला दिसते तो दुसरे काय करील? भरपाई, निवारा आणि सोबतीला एक माणूस, हे त्या दुसऱ्या पारड्यात टाकायचे वजन आहे. ते वेळेवर पडले तर फिर्यादी टिकतो, आणि फिर्यादी टिकला तरच खटला टिकतो.

वाचकहो, हे वाचून एवढे करावे. संकट समोर असेल तर ११२, स्त्रीवरचा प्रसंग असेल तर १८१, बालकाचा असेल तर १०९८, पैसे ऑनलाइन लुबाडले गेले असतील तर घटकाही न दवडता १९३०, आणि वकिलाची किंवा भरपाईच्या अर्जाची गरज असेल तर १५१००, हे पाच क्रमांक घरातल्या कॅलेंडरच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत. न्यायालयाच्या व्हरांड्यात बाकड्याच्या कडेला बसलेली एखादी बाई दिसली, तर तिला प्राधिकरणाच्या कचेरीचे दार दाखवावे. ते दार त्याच आवारात असते.